परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ: अर्जातल्या रकान्यापासून निकालापर्यंत

ऑनलाइन अर्ज भरताना मधेच कुठेतरी एक साधा प्रश्न येतो: ‘लेखनिकाची आवश्यकता आहे काय?’ पुढे होय आणि नाही. लेखनिक म्हणजे दिव्यांगत्वामुळे ज्याला स्वतः लिहिता येत नाही, त्या उमेदवाराने सांगितलेली उत्तरे लिहून देणारा माणूस. त्याखाली बहुतेक वेळा अनुग्रह काळाचा, म्हणजे जादा वेळेचा प्रश्न असतो. नेटकॅफेत गर्दी असते, अर्जाची शेवटची तारीख उद्यावर आलेली असते, आणि भरून देणारा माणूस न विचारताच ‘नाही’वर टिचकी मारून पुढे जातो. पुढची सगळी धावपळ, सिव्हिल हॉस्पिटलचे हेलपाटे, केंद्रावरची हुज्जत, ही बहुतेकदा या एका टिचकीतून सुरू झालेली असते. लेखनिक मिळणे हा हक्क आहे, उपकार नव्हे. पण तो मागायचा कुठे आणि कधी, हे जाहिरातीत बारीक अक्षरांत लिहिलेले असते आणि ती मुदत कुणासाठी थांबत नाही.

आधी कायदा, पण थोडक्यात

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मोजले आहे. कलम १७ मध्ये परीक्षा पद्धतीत करायचे बदल स्पष्ट लिहिले आहेत: जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाला ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ म्हणतात. नोकरीतले आरक्षण त्यावर अवलंबून असते.

लेखनिकाचे मात्र तसे नाही, आणि गैरसमज नेमका इथेच आहे. २९ ऑगस्ट २०१८ ला केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी होती. मग ज्याला हाताच्या विकारामुळे लिहिता येत नाही, पण ज्याची टक्केवारी ४० च्या खाली आहे, त्याने काय करायचे? हा प्रश्न विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात गेला. ११ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. लिहिण्यातली अडचण खरी आहे का, एवढेच पाहायचे. त्यानुसार १० ऑगस्ट २०२२ ला ४० टक्क्यांखालच्या, लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळी तत्त्वे आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावले की सवलतींच्या बाबतीत ४० टक्क्यांच्या वरच्या आणि खालच्या उमेदवारांत भेद नको. त्याच वर्षी केंद्राने तत्त्वे पुन्हा सुधारली.

महाराष्ट्रात राज्य शासनाचा ५ ऑक्टोबर २०२१ चा शासन निर्णय आहे आणि एमपीएससीच्या, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या, जाहिराती त्याचा हवाला देतात. म्हणून कोणत्याही परीक्षेची जाहिरात हातात आली की आधी एवढेच शोधा: ही संस्था कोणत्या तारखेच्या तत्त्वांवर चालते? पुढे वाद झालाच तर त्याच कागदावर बोट ठेवून बोलायचे असते.

पहिली पायरी: दोन वेगळे दाखले

दिव्यांगत्वाचा दाखला किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून मिळणाऱ्या या कार्डाचा रंगही टक्केवारी सांगतो: ४० च्या खाली पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० आणि पुढे निळा. हे कार्ड ओळख पटवते. ‘हा उमेदवार स्वतः लिहू शकत नाही’ असे ते म्हणत नाही.

२०१८ च्या तत्त्वांत अंध, दोन्ही हात बाधित असलेले आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूचा पक्षाघात) असलेले उमेदवार यांनी लेखनिक मागितला की तो द्यायचाच. बाकी प्रकारांत वेगळा दाखला लागतो. त्यात लिहिण्यावर शारीरिक मर्यादा आहे आणि परीक्षेसाठी लेखनिक आवश्यक आहे, असे स्पष्ट नमूद असावे लागते. त्यावर जिल्हा शल्यचिकित्सक, मुख्य वैद्यकीय अधिकारी किंवा सरकारी आरोग्य संस्थेच्या वैद्यकीय अधीक्षकांची सही लागते. ४० टक्क्यांखालच्या उमेदवारांचा नमुना याहून वेगळा आहे आणि तो एका डॉक्टरच्या सहीवर भागत नाही, तज्ज्ञांच्या मंडळाकडून घ्यावा लागतो. त्याला वेळ लागतो.

दवाखान्यात जाताना दाखल्याचा कोरा नमुना स्वतः छापून न्या. तो जाहिरातीच्या परिशिष्टात असतो. ‘आमच्याकडे असा फॉर्म नसतो’ हे उत्तर ऐकून परत येण्यापेक्षा दोन पानांची प्रिंट स्वस्त पडते. दाखला हातात पडला की तिथेच उभे राहून वाचा: नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच आहे का, फोटोवर शिक्का अर्धा फोटोवर अर्धा कागदावर आहे का, तारीख आणि हुद्दा दिसतो का. खाजगी डॉक्टरचे पत्र कितीही मोठ्या नावाचे असले तरी इथे उपयोगाचे नाही.

अध्ययन अक्षमतेचे, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या अडचणीचे, प्रकरण थोडे वेगळे आहे. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या अशा मुलांना सवलती द्यायला १९९६ मध्येच सुरुवात झाली, देशातली ही पहिली मोठी पायरी होती. या मुलांच्या प्रमाणपत्रावर बहुतेकदा पुन्हा तपासणीची मुदत असते. आठवीत काढलेला दाखला दहावीला चालेल असे धरून चालू नका. मुदत संपत असेल तर दहावीच्या आधीच्या उन्हाळ्यात फेरतपासणीची तारीख घ्या. सरकारी रुग्णालयांतल्या या विभागांत रांग लांब असते आणि चाचण्या एका दिवसात होत नाहीत.

परीक्षेच्या तोंडावर हात मोडला तर? ते दिव्यांगत्व नव्हे, पण शालेय मंडळे वैद्यकीय दाखल्यावर अशा विद्यार्थ्यालाही लेखनिक देतात. त्याच दिवशी शाळेत कळवा आणि मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज पाठवा.

दुसरी पायरी: अर्जात काय मागायचे

लेखनिक आणि जादा वेळ या दोन स्वतंत्र मागण्या आहेत. लेखनिक नको, पण हळू लिहिता म्हणून वेळ हवा, असेही मागता येते. २०१८ च्या तत्त्वांनुसार लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान २० मिनिटे मिळतात. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या पण लेखनिक न घेणाऱ्यालाही तीन तासांच्या पेपरला किमान एक तास. म्हणजे दीड तासाला ३० मिनिटे, दोन तासांना ४०, तीन तासांना ६०. पेपर तासाहून लहान असेल तर त्याच प्रमाणात, पाच मिनिटांच्या पटीत. संगणकावरच्या परीक्षेत प्रत्येक विभागाला वेगळी वेळ असेल तर जादा वेळ त्या-त्या विभागात कशी मिळणार, हे माहितीपत्रकात शोधा. शेवटी एकदम तासभर मिळेल असे समजून पहिला विभाग सावकाश सोडवणारे फसतात.

काही संस्था अर्जात ‘होय’ भरल्यावर थांबतात. काही, विशेषतः एमपीएससी, वेगळी परवानगी मागतात: अर्जाची मुदत संपल्यावर ठरावीक दिवसांत दाखल्यासह विनंती, आणि मग आयोगाचे लेखी उत्तर. हे उत्तर मिळेपर्यंत परवानगी आहे असे धरू नका. दहावी-बारावीला सगळे शाळा-कॉलेजमार्फत जाते. तिथे प्रस्ताव वेळेत मंडळाकडे गेला का, ते विचारत राहणे पालकांचे काम. कारकुनाच्या टेबलावर फाइल पडून राहते, त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो, फक्त कुणी विचारलेले नसते.

याशिवाय काय मागता येते, ते बऱ्याच जणांना ठाऊक नसते. मोठ्या अक्षरांतली प्रश्नपत्रिका. ब्रेल. संगणकावर उत्तर लिहिण्याची मुभा आणि आदल्या दिवशी तो संगणक तपासून पाहण्याची संधी. स्वतःची उपकरणे: बोलणारा कॅल्क्युलेटर, टेलर फ्रेम (अंधांची गणित मांडायची पाटी), ब्रेल पाटी, अॅबॅकस. तळमजल्यावरची खोली. अंधांसाठी आकृतीवरच्या प्रश्नाऐवजी पर्यायी प्रश्न. जे हवे ते अर्जासोबत लेखी मागा आणि पोच घ्या.

संगणकाबद्दल माझे स्पष्ट मत आहे: ज्याला टंकलेखन जमते त्याने लेखनिकाच्या पुढे जाऊन स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर, परीक्षा देण्याचा विचार करावा. त्यातला एनव्हीडीए फुकट मिळतो. युनिकोड मराठी टंकलेखन इनस्क्रिप्ट कळफलकावर शिकायला काही महिने जातात, पण त्यानंतर शब्द आणि हात दोन्ही तुमचे. मात्र सरावाशिवाय केंद्रावर पहिल्यांदाच हा प्रयोग करू नका.

तिसरी पायरी: लेखनिक कोण?

दोन वाटा आहेत. स्वतःचा लेखनिक आणा किंवा संस्थेकडून मागा.

२०१८ च्या तत्त्वांत स्वतःचा लेखनिक असेल तर त्याचे शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी खाली हवे, आणि संस्थेने दिलेला असेल तर तो किमान दहावी झालेला, पण परीक्षेच्या किमान पात्रतेपेक्षा जास्त शिकलेला नको. २०२५ च्या सुधारित तत्त्वांचा रोख आणखी कडक आहे: संस्थांनी दोन वर्षांत स्वतःची लेखनिकांची यादी उभी करावी, स्वतःचा लेखनिक अपवाद व्हावा, आणि लेखनिकाचे शिक्षण परीक्षेच्या किमान पात्रतेपेक्षा दोन-तीन वर्षे खालचे असावे. यामागे बनावट लेखनिकांचे गैरप्रकार आहेत. त्यांनी खऱ्या गरजवंतांचेच नुकसान केले आहे. खोटेपणाने दिव्यांगांचा लाभ घेणे हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९१ नुसार गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘माझ्या चुलतभावाने एमए केलंय, पण बारावीचंच सर्टिफिकेट दाखवू’ असली युक्ती हमीपत्रावर सही करताना आठवावी. पकडले गेले तर उमेदवारी जाते, आणि लेखनिकाच्या पुढच्या परीक्षाही अडचणीत येतात.

बँकांच्या परीक्षांत सहसा लेखनिक स्वतःच, स्वतःच्या खर्चाने आणायचा असतो, आणि तो त्याच परीक्षेचा उमेदवार नसावा लागतो.

निवड करताना हुशारी शेवटी पाहा. आधी अक्षर पाहा, वाचायला सोपे आणि वेगवान. मग भाषा. मराठी माध्यमाच्या पेपरला इंग्रजी माध्यमात वाढलेला लेखनिक ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ घालतो आणि भाषेच्या पेपरला त्याचे गुण कापले जातात. मग स्वभाव. आपले म्हणणे पुढे रेटणारा, ‘अगं, असं नसतं ते’ म्हणणारा लेखनिक धोकादायक असतो, कारण पर्यवेक्षकाला ती कुजबुज कॉपी वाटते. त्याची हजेरी भरवशाची हवी. दहावीच्या विद्यार्थ्याला सहसा नववीतलाच मुलगा किंवा मुलगी मिळते. त्यांच्या स्वतःच्या परीक्षेच्या तारखा आड येत नाहीत ना, ते आधी पाहा.

एका माणसावर विसंबू नका. एक राखीव लेखनिक तयार ठेवा, त्याचे कागदही. आयत्या वेळी लेखनिक बदलण्याची सोय तत्त्वांत आहे. वेगवेगळ्या विषयांना, विशेषतः भाषांना, वेगवेगळे लेखनिक घेता येतात, फक्त एका विषयाला एकच. संस्कृत आणि गणित यांना एकच लेखनिक घेण्याचा हट्ट कशाला?

संस्थेचा लेखनिक असेल तर त्याला दोन दिवस आधी भेटण्याचा हक्क तुम्हाला आहे. ही भेट मागून घ्या. त्यात गप्पा मारू नका, एक परिच्छेद सांगून लिहून घ्या. अक्षर किंवा भाषा जमत नसेल तर त्याच दिवशी लेखी कळवून बदल मागा.

चौथी पायरी: सांगून लिहिण्याचा सराव

हातात पेन असते तेव्हा आपण लिहिता लिहिता विचार करतो, खोडतो, मागे जातो. तोंडी सांगताना वाक्य तोंडातून निघण्यापूर्वी पूर्ण व्हावे लागते. जो वर्षभर एकटाच अभ्यास करतो आणि पेपरला पहिल्यांदा लेखनिकासमोर बसतो, त्याला सगळे येत असूनही पेपर अर्धा राहतो. हे कौशल्य सरावानेच येते. किमान पाच-सहा पूर्ण पेपर, पूर्ण वेळ लावून, त्याच लेखनिकासोबत सोडवा.

सरावात काही खुणा ठरवून टाका. ‘पूर्णविराम’, ‘नवा परिच्छेद’, ‘अधोरेखित’, ‘खोड’ हे शब्द उत्तराचा भाग नाहीत, आज्ञा आहेत, हे लेखनिकाला पक्के कळले पाहिजे. विशेषनामे आणि अवघड शब्द अक्षरे फोडून सांगा. जोडाक्षर आले तर ‘पायमोडका त’ असेच सांगायचे.

गणितात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ‘अ अधिक ब भागिले क’ म्हटले की कुणी फक्त ब खाली क लिहितो, कुणी दोघांच्या खाली. म्हणून ‘कंस सुरू, अ अधिक ब, कंस पूर्ण, संपूर्ण भागिले क’. वर्ग कशाचा, मूळ कुठपर्यंत, प्रत्येक वेळी ‘संपूर्ण’ आणि ‘फक्त’ हे शब्द वापरा. प्रत्येक पायरी लिहून झाली की परत वाचून घ्या. आकृती असेल तर आधी आकार, मग दिशा, मग नावे: ‘त्रिकोण, पाया आडवा, डावीकडे ब, उजवीकडे क, वर अ’. लेखनिकाने स्वतःहून आकृती सुधारू नये. ती त्याची परीक्षा नाही.

बहुपर्यायी परीक्षेत भीती वेगळी असते. उत्तरपत्रिकेत गोल एक ओळ चुकीचा रंगला तर पुढचे सगळे सरकते. दर दहा प्रश्नांनी लेखनिकाला ‘आता कितवा क्रमांक?’ विचारा. दृष्टिहीन उमेदवाराने प्रश्न आणि पर्याय दोन्ही पूर्ण वाचून घ्यावेत, आणि लेखनिकाच्या आवाजाच्या चढउताराकडे दुर्लक्ष करावे. बरोबर वाटणाऱ्या पर्यायावर नकळत जोर देणारे लेखनिक खूप असतात. सरावातच ती सवय मोडा.

लेखनिकाला पाणी आणि विश्रांती लागते. चार तास सतत वाचणे आणि लिहिणे सोपे नाही.

परीक्षेचा दिवस

प्रवेशपत्रासोबत एक वेगळी फाइल: दिव्यांगत्वाचा दाखला मूळ आणि प्रती, लेखन-मर्यादेचा दाखला, परवानगीचे पत्र, लेखनिकाचे ओळखपत्र आणि शिक्षणाचा पुरावा, दोघांचे फोटो, सही केलेले हमीपत्र, आणि ज्या तत्त्वांवर तुम्ही बसता त्यांची प्रिंट. हमीपत्रात शेवटच्या क्षणी खाडाखोड करू नका. राखीव लेखनिकासाठी दुसरे कोरे ठेवा.

नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा. दारावरचा रक्षक लेखनिकाला ‘तुमचं हॉल तिकीट?’ विचारून अडवतोच, आणि तो चुकत नाही, त्याला सांगितलेलेच नसते. थेट केंद्रसंचालकांना, आयोगाच्या परीक्षेत उपकेंद्रप्रमुखांना भेटा. दोन गोष्टी विचारा: आमची खोली वेगळी आहे का, आणि आमच्या पर्यवेक्षकाला जादा वेळ माहीत आहे का? वेगळी खोली नसेल तर सांगून लिहिणे इतरांना ऐकू जाते, आणि तक्रार तुमच्यावर येते.

पेपर हातात आला की सुरुवातीची वेळ मोठ्याने सांगून पर्यवेक्षकाच्या नोंदीत लिहून घ्या. तुमची शेवटची वेळ कुठली, हेही. सकाळी ११ ला सुरू झालेला तीन तासांचा पेपर इतरांसाठी दोनला संपतो, तुमच्यासाठी तीनला. दोनची घंटा वाजली की सवयीने हात पुढे येतो उत्तरपत्रिका घ्यायला. नीट परीक्षेच्या एका उमेदवाराच्या बाबतीत २०२१ मध्ये हेच घडले: जादा तास न देता उत्तरपत्रिका काढून घेतली गेली. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये परीक्षा घेणाऱ्या संस्थेला झालेल्या चुकीची जबाबदारी घ्यायला सांगितले, पण फेरपरीक्षा दिली नाही. म्हणूनच तो क्षण हातचा जाऊ देऊ नका. उत्तरपत्रिका मागितली तर आवाज न चढवता तत्त्वांची प्रिंट पुढे करा आणि केंद्रसंचालकांना खोलीत बोलवायला सांगा. ते येईपर्यंत लेखनिकाला थांबवू नका, सांगत राहा.

पुरवणी वेळेत मिळत नसेल, लेखनिक आला नसेल, खोली तिसऱ्या मजल्यावर असेल, तर तिथल्या तिथे दोन ओळींचा लेखी अर्ज द्या आणि त्यावर वेळ टाका. निघण्यापूर्वी त्याच्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर त्याच संध्याकाळी परीक्षा घेणाऱ्या संस्थेला ईमेल करा. मजकूर छोटा ठेवा: बैठक क्रमांक, केंद्र, वेळ, काय झाले, काय मिळायला हवे होते.

दाद कुठे मागायची

पहिली तक्रार नेहमी परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे. उत्तर आले नाही किंवा टोलवाटोलवी झाली तर राज्यातल्या परीक्षांसाठी पुण्यातले दिव्यांग कल्याण आयुक्त, केंद्राच्या परीक्षांसाठी दिल्लीतले मुख्य दिव्यांग आयुक्त. दोघांनाही कायद्याने चौकशीचे अधिकार दिले आहेत. कलम ८९ नुसार कायद्याच्या पहिल्या उल्लंघनाला १० हजारांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० हजार ते ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि तक्रारीत या कलमाचा नुसता उल्लेखही कधी कधी फाइल हलवतो.

निकालानंतर आणखी एक गोष्ट करण्यासारखी आहे. दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. लेखनिकाने लिहिलेली उत्तरपत्रिका असेल तर गुण अपेक्षेप्रमाणे आले तरी एका विषयाची मागवून पाहा. कुठे आकडा उलटला, कुठे अक्षर न कळल्याने परीक्षकाने गुण सोडले, ते त्यात दिसते. पुढच्या परीक्षेसाठी तोच लेखनिक ठेवायचा की बदलायचा, ते त्या पानांवरून ठरवा.